राज्यघटना देवाची, देश कुणाचा?

४ जुलै १८८५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. युटा प्रदेशाची राजधानी सॉल्ट लेक सिटी. त्या सकाळी लोक घराबाहेर पडले, तेव्हा नगरपालिकेच्या इमारतीवरचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवलेला दिसला. मॉर्मन पंथाच्या ताब्यातल्या इतर इमारतींवरही तेच. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट त्या दिवसांत घशाच्या कर्करोगाने मरणाच्या दारात होते. ते गेले की काय, अशी शंका कुणाच्याही मनात यावी. पण ग्रँट हयात होते. मॉर्मन मंडळी सुतक पाळत होती ते स्वतःच्या स्वातंत्र्याचे. बहुपत्नीत्वविरोधी कायद्याखाली त्यांची माणसे धडाधड तुरुंगात जात होती, पंथाचे प्रमुख जॉन टेलर अटक टाळण्यासाठी भूमिगत झाले होते. आज कसला उत्सव करायचा, असा त्या उतरवलेल्या ध्वजाचा सवाल होता.

शहरातले बिगर-मॉर्मन खवळले. राष्ट्रध्वजाचा हा धडधडीत अपमान आहे, देशद्रोह आहे, असा गिल्ला झाला. २४ जुलै हा मॉर्मन लोकांचा स्वतःचा सण. १८४७ साली त्या दिवशी त्यांचे पूर्वज या खोऱ्यात पोचले होते. त्या दिवशी पुन्हा ध्वज उतरला तर दंगल होईल, अशी धास्ती होती. २३ जुलैला ग्रँट वारले. देशभरचे ध्वज अर्ध्यावर आले आणि त्या वर्षीचा प्रसंग टळला.

मॉर्मनांचा इतिहास वाचताना मी या घटनेपाशी दर वेळी थांबतो. ज्यांचे देशाशी नाते तुटलेले असते ते ध्वजाकडे पाठ फिरवतात, त्याला शोकात सामील करून घेत नाहीत. रुसवा आपल्या माणसावरच धरला जातो. अमेरिकेने ज्यांना हाकलले, ज्यांच्यावर फौज धाडली, ज्यांची मालमत्ता जप्त केली, त्याच लोकांनी अमेरिकेची राज्यघटना ईश्वरदत्त मानली. आज जगातल्या बहुतेक देशांत पोचलेल्या या पंथाची अर्धी कोडी इथे सुरू होतात.

जोसेफ स्मिथचा जन्म १८०५ साली व्हरमाँट राज्यात, शेतकऱ्याच्या घरात झाला. १८३० साली त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावी 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ छापला. आपल्याला देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून तो आपण दैवी सामर्थ्याने उतरवला, असे त्याचे सांगणे होते. त्याच वर्षी ६ एप्रिलला पंथाची स्थापना झाली. ग्रंथातली कथा प्राचीन अमेरिका खंडात घडते. पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्त इथल्या लोकांना भेटायला येतो, असा त्यातला सर्वोच्च प्रसंग आहे. पुढे स्मिथने सांगितले की नवे यरुशलेम, म्हणजे सीयोन, मिसुरी राज्याच्या जॅक्सन काउंटीत उभे राहणार आहे. एरवी ख्रिस्ती माणसाची पुण्यभूमी समुद्रापलीकडे, पॅलेस्टाइनमध्ये. स्मिथच्या अनुयायांना ती स्वतःच्या नांगराखाली सापडली. अमेरिका स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षे झाली होती, आणि आपल्या देशाला काही खास नियती आहे ही भावना हवेतच होती. स्मिथने तिला शास्त्राचा आधार दिला.

जॅक्सन काउंटीतल्या जुन्या रहिवाशांना हे रुचणे शक्य नव्हते. मॉर्मन लोक एकगठ्ठा येत, एकगठ्ठा मत देत, जमिनी घेत आणि ही भूमी देवाने आम्हाला दिली आहे असे उघड म्हणत. शिवाय ते उत्तरेकडून आलेले, आणि मिसुरीत गुलामगिरी होती. १८३३ च्या उन्हाळ्यात जमावाने त्यांचा छापखाना मोडला. हिवाळा लागता लागता सगळ्यांना काउंटीबाहेर हाकलले. लोक नदीकाठी उघड्यावर पडले. आणि त्याच डिसेंबरात स्मिथने एक साक्षात्कार जाहीर केला: अमेरिकेची राज्यघटना देवानेच शहाण्या माणसांना निर्माण करून त्यांच्या हातून घडवली आहे, आणि अन्याय झालेल्यांनी न्यायाधीश, राज्यपाल, राष्ट्राध्यक्ष अशा क्रमाने दाद मागत राहावे. हा क्रम आणि हा महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. घटनेने ज्या घडीला त्यांना काडीचाही आसरा दिला नव्हता, त्याच घडीला त्यांनी तिला देवाची म्हटले. हे देशप्रेम गरजेतून आले, गाऱ्हाण्याच्या रूपात आले.

गाऱ्हाणे कुणी ऐकले नाही. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसुरीचे राज्यपाल लिलबर्न बॉग्ज यांनी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजावे, राज्याबाहेर घालवावे किंवा त्यांचा नायनाट करावा. तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन १७ जण मारले गेले. त्यांत लोहाराच्या भट्टीत लपलेला दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो हुकूम कागदोपत्री रद्द व्हायला १९७६ साल उजाडावे लागले.

१८३९ च्या अखेरीस स्मिथ शेकडो लोकांच्या प्रतिज्ञापत्रांचे गाठोडे घेऊन वॉशिंग्टनला गेला. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन यांनी तुमची बाजू खरी आहे, पण मला काही करता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे मॉर्मन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. घटनेतली हक्कांची सनद तेव्हा केंद्र सरकारला बांधील करत होती, राज्यांना नाही. मिसुरीने काय करावे हा मिसुरीचा प्रश्न. देवाने घडवलेल्या घटनेत एवढे मोठे भोक असल्याचे ज्यांना स्वतःच्या घरादाराच्या किमतीवर कळले, ते हे लोक.

१८४४ साली स्मिथ स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. नागरिकांच्या हक्कांसाठी केंद्राला अधिक बळ द्यावे, असा त्याच्या जाहीरनाम्याचा एक भाग होता. निवडणुकीपूर्वीच, २७ जूनला, इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात तोंडाला काजळी फासलेल्या जमावाने त्याला आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. कोठडीत सोबत असलेला जॉन टेलर जबर जखमी झाला. हाच टेलर पुढे १८८५ मध्ये पंथप्रमुख म्हणून भूमिगत होता.

अमेरिकेत राहणे आता शक्य नाही हे ओळखून स्मिथनंतर पंथाचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिगहॅम यंगने सगळ्यांना पश्चिमेकडे न्यायचे ठरवले. १८४६ च्या फेब्रुवारीत गाड्या निघाल्या. आयोवाच्या चिखलात अर्धी माणसे आजारी, दाणागोटा संपत आलेला. अशात जूनअखेरीस अमेरिकन लष्कराचा एक कॅप्टन छावणीत आला. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले होते आणि राष्ट्राध्यक्ष पोक यांना मॉर्मनांतून ५०० सैनिक हवे होते. ज्या देशाने हाकलले त्याच देशासाठी लढायला चला! छावणीत संताप उसळला, कुणालाही हा सापळा वाटला. पण ही भरती व्हावी म्हणून मॉर्मनांच्याच प्रतिनिधीने वॉशिंग्टनमध्ये खटपट केली होती, आणि यंगने भरती करवली. सैनिकांना गणवेशासाठी मिळालेली रक्कम त्यांनी अंगावरच्या कपड्यांत भागवून छावणीच्या खर्चाला दिली. सुमारे ५०० पुरुष, सोबत काही बायका आणि मुले, फोर्ट लेव्हनवर्थ, सांता फे या वाटेने वाळवंट तुडवत निघाले आणि जानेवारी १८४७ च्या शेवटी सॅन दिएगोला पोचले. अंतर दोन हजार मैलांच्या आसपास. शत्रूशी एकही लढाई झाली नाही. वाटेत रानटी बैलांच्या कळपाने हल्ला केला, तेवढी एकच चकमक. पुढे या पलटणीतून सुटलेले काही जण कॅलिफोर्नियात सटरच्या गिरणीवर कामाला होते. २४ जानेवारी १८४८ रोजी तिथे सोने सापडले, आणि ती तारीख आज जगाला ठाऊक आहे ती त्यांच्यातल्या हेन्री बिगलरच्या रोजनिशीमुळे.

या पलटणीचा अभिमान मॉर्मन लोक आजही बाळगतात. मला तो रास्त वाटतो. त्यामागची व्यवहारी गरज त्यांनी कधी लपवलेलीही नाही.

२४ जुलै १८४७ रोजी यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला तेव्हा ती जमीन मेक्सिकोची होती. सात महिन्यांत तह झाला आणि ज्या देशातून ते निघून गेले होते तोच देश सरहद्द ओलांडून त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. 'डेझरेट' नावाचे स्वतःचे राज्य त्यांनी मागितले. १८५० साली मिळाला तो केंद्राच्या अंकुशाखालचा युटा प्रदेश. १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर केली. पंथाचे वरिष्ठ ती इलिनॉयमधल्या नॉवू या वस्तीत असल्यापासून गुपचूप पाळत आलेच होते. १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी युटावर फौज पाठवली. त्या भयाच्या आणि सूडाच्या वातावरणात, ११ सप्टेंबर १८५७ रोजी, माउंटन मेडोज इथे मॉर्मन शिबंदीने कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका तांड्यातली सुमारे १२० माणसे अभयाचे वचन देऊन बाहेर काढली आणि मारली. फक्त अगदी लहान १७ मुले वाचली. छळ सोसलेल्यांच्या हातून घडलेले हे कृत्य आहे आणि हॉन्स मिलच्या दुःखाने त्याचे वजन हलके होत नाही. शिक्षा एकट्या जॉन ली याला झाली, तीही वीस वर्षांनी.

या काळात पंथाचा जगभर प्रसार म्हणजे काय होते? बाहेर जायचे, माणसे मिळवायची आणि त्यांना अमेरिकेत आणायचे. १८३७ पासून इंग्लंडमध्ये प्रचार सुरू होता. १८५० च्या सुमारास ब्रिटनमधले मॉर्मन युटातल्या मॉर्मनांपेक्षा जास्त होते. गिरणीकामगार, खाणकामगार, विणकर लिव्हरपूलच्या धक्क्यावरून बोटीत चढत. गरिबांना उसने भाडे द्यायला १८४९ मध्ये खास निधी काढला होता. १८५६ मध्ये पैसे वाचवायला म्हणून हातगाड्या ओढत मैदाने पार करणाऱ्या दोन तुकड्या बर्फात अडकल्या आणि दोनशेहून अधिक लोक दगावले. तरी ओघ थांबला नाही.

आपल्या मुंबई-पुण्यालाही या ओघाचा एक थेंब लागून गेला. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला. लष्कर भागात प्रचार करायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा त्याने छावणीबाहेर सभा घेतल्या आणि एक लहानशी शाखा उभी केली.  मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही लिहिली. कलकत्त्यात त्याच सुमारास युटाहून आलेले मिशनरी हिंडत होते. पण हिंदी माणसाला या पंथात यायचे म्हणजे अखेर गाव, जात, भाषा सोडून सात समुद्रांपलीकडच्या वाळवंटात जायचे होते. बाप्तिस्म्यानंतरची पायरी बोटीची होती. १८५६ पर्यंत हे काम आटोपले आणि मिशनरी, मूठभर अनुयायांसह, सीयोनकडे निघून गेले.

हिंदुस्थानचे नाव मॉर्मनांच्या इतिहासात पुढे आले ते भलत्याच ठिकाणी. बहुपत्नीत्वबंदीचा कायदा घटनेतल्या धर्मस्वातंत्र्याला धरून आहे का, हे तपासायला ब्रिगहॅम यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स स्वतःहून आरोपी झाला. १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: श्रद्धा बाळगायचे स्वातंत्र्य आहे, वाटेल तसे वागायचे नाही. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी त्यासाठी दाखला दिला सतीचा. नवऱ्याच्या चितेवर जाणे हे आपले धर्मकर्तव्य आहे असे एखाद्या बाईने मानले, तर सरकारने तिला अडवू नये काय? आणि बहुपत्नीत्व ही तर आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची चाल, असेही निकालात म्हटले गेले. सतीबद्दल न्यायमूर्तींशी माझे भांडण नाही. पण न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या आणि लँकशरच्या विणकरांच्या या मुलांना न्यायालयाने एका वाक्यात अमेरिकेबाहेर, पूर्वेकडे, नेऊन बसवले. गोरे, इंग्रजी बोलणारे, घटनेला देवाची मानणारे हे लोक परके ठरले.

निकालाच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट १८७७ मध्ये, युटातल्या सेंट जॉर्जच्या नव्या टेंपलमध्ये एक विलक्षण विधी झाला होता. मॉर्मन लोक मृतांच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देतात. परलोकातल्या आत्म्याने तो स्वीकारावा किंवा नाकारावा. विल्फर्ड वुडरफ या प्रेषिताने, म्हणजे पंथाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने, सांगितले की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे पुरुष आपल्यासमोर प्रकट झाले आणि आमच्यासाठी हा विधी का केला नाही, असे विचारू लागले. वुडरफने त्यांच्यासाठी तो केला. वॉशिंग्टनपासूनच्या माजी राष्ट्राध्यक्षांसाठीही केला. वगळले फक्त तिघांना: ग्रँट हयात होते म्हणून, आणि व्हॅन ब्युरन व ब्युकॅनन यांना जुन्या हिशेबापायी. केंद्र सरकारचे वकील ज्यांना देशाचे शत्रू म्हणत होते, ते देशाच्या जनकांना आपल्या कुळात घेत होते.

१८८० च्या दशकात कायदे कडक होत गेले. हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. युटातल्या स्त्रियांना १८७० पासून मताधिकार होता. १८८७ च्या कायद्याने तो काढून घेतला, आणि पंथाची संस्था बरखास्त करून मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली. त्याच वर्षी टेलर लपण्याच्या जागीच वारला. सप्टेंबर १८९० मध्ये नवा प्रमुख वुडरफ याने जाहीरनामा काढला: पंथ यापुढे बेकायदा विवाहांना मान्यता देणार नाही. ४ जानेवारी १८९६ ला युटा ४५ वे राज्य झाले आणि सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकल या पंथाच्या सभागृहात छताखाली अवाढव्य राष्ट्रध्वज लावून समारंभ झाला.

विश्वास मात्र लगेच बसला नाही. प्रेषित रीड स्मूट सिनेटवर निवडून आला तेव्हा त्याला बसू द्यावे की नाही यावर १९०४ ते १९०७ चौकशी चालली. साक्षीला आलेल्या पंथप्रमुख जोसेफ एफ. स्मिथ यांनी आपल्या पाच बायका असल्याचे आणि जाहीरनाम्यानंतरही त्यांच्याशी संसार चालू असल्याचे सांगितले. स्मूटची जागा अखेर वाचली आणि तो १९३३ पर्यंत सिनेटर राहिला. पुढच्या पन्नास वर्षांत मॉर्मन माणूस सच्च्या अमेरिकनाचा नमुना मानला जाऊ लागला. युद्धात भरती होणारा, बॉय स्काउट, दारू-तंबाखूला न शिवणारा, मोठ्या कुटुंबाचा. टॅबरनॅकलचा गायनवृंद १९२९ पासून दर आठवड्याला रेडिओवरून देशभर ऐकू येऊ लागला. १९५३ मध्ये प्रेषित एझ्रा टाफ्ट बेन्सन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे कृषिमंत्री झाले. हेच बेन्सन १९४६ साली युरोपच्या बेचिराख शहरांत अन्न आणि कपडे वाटत महिनोन्‌महिने फिरले होते. पुढे मात्र त्यांच्या भाषणांत साम्यवाद म्हणजे सैतानाचे काम आणि अमेरिकेची घटना म्हणजे देवाचे, अशी सरळ वाटणी झाली. त्यांचे काही सहकारी प्रेषित त्याने अस्वस्थ होत. त्यांची अस्वस्थता मला योग्य वाटते. ज्या घटनेला स्मिथच्या लोकांनी टाहो फोडून हाक मारली होती, ती आता सुस्थितीतल्या माणसांच्या हातातले हत्यार होत होती.

देशनिष्ठेच्या शिकवणीची दुसरी बाजू जर्मनीत दिसली. राजे, अध्यक्ष आणि राज्यकर्ते यांच्या आज्ञेत राहावे, असे स्मिथने १८४२ मध्ये लिहिलेल्या श्रद्धासूत्रांत आहे. ते वाक्य अमेरिकेत सोपे होते. हॅम्बुर्गमधला हेल्मुट ह्यूबनर हा मॉर्मन मुलगा चोरून बीबीसी ऐकत असे आणि हिटलरच्या खोटेपणाची पत्रके टाइप करून टपालपेट्यांत, जिन्यांत, सूचनाफलकांवर टाकत असे. त्याच्या शाखेच्या नाझी अध्यक्षाने दारावर ज्यूंना मज्जाव असल्याची पाटी लावली होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये ह्यूबनर पकडला गेला, शाखेने त्याला लगोलग बहिष्कृत केले आणि २७ ऑक्टोबरला बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय १७. युद्धानंतर पंथाने बहिष्कार रद्द केला. त्या शाखेतले बाकीचे लोक भित्रे होते असे म्हणून मोकळे होता येत नाही. सूत्राचा शब्दशः अर्थ त्यांच्या बाजूचा होता.

तोवर प्रसाराची दिशा पालटली होती. १८९० नंतर पंथाने परदेशी अनुयायांना युटाला येऊ नका, आपल्याच देशात राहा, असे सांगायला सुरुवात केली. आता प्रश्न आला की त्या देशांत पंथ कुणाचा? तो सर्वांत आधी, आणि सर्वांत स्पष्टपणे, मेक्सिकोत विचारला गेला. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत परदेशी धर्मगुरूंना बंदी आली, अमेरिकन मिशनरी बाहेर गेले आणि स्थानिक सदस्यांनी शाखा चालवल्या. आपले पूर्वज म्हणजेच बुक ऑफ मॉर्मनमधले लोक, असे त्यांना शिकवले होते. मग ग्रंथ ज्यांचा, त्यांच्यावर सॉल्ट लेकहून आलेल्या गोऱ्यांनीच का नेतृत्व करावे? १९३६ साली तेकाल्को इथल्या सभेत त्यांनी मागणी केली की मिशनचा प्रमुख रक्ताने आणि वंशाने मेक्सिकन हवा. तेव्हाचा प्रमुख हॅरल्ड प्रॅट जन्माने मेक्सिकन नागरिकच होता, मॉर्मन वसाहतीत वाढलेला. पण त्यांच्या लेखी तो अमेरिकनच. या लोकांना 'तिसरे अधिवेशन' म्हणतात. देशातले सुमारे एक तृतीयांश सदस्य त्यांच्यासोबत गेले. पुढाऱ्यांना बहिष्कृत केले. तरी दहा वर्षे त्यांनी तोच ग्रंथ वाचला, तीच गीते म्हटली, स्वतःच्या प्रार्थनागृहांच्या भिंती बांधल्या. १९४६ मध्ये पंथप्रमुख जॉर्ज आल्बर्ट स्मिथ मेक्सिको सिटीत आले, शिक्षा सौम्य केली आणि सुमारे १२०० जण परतले. मेक्सिकन वंशाचा पहिला विभागप्रमुख आग्रिकोल लोसानो नेमला गेला तो १९६७ मध्ये. मागणी बंडखोरांची होती. मान्य झाली तीस वर्षांनी, आणि बंडाचा उल्लेख न होता.

याच मेक्सिको सिटीत ऑगस्ट १९७२ च्या परिषदेत पंथाचे एक नेते ब्रूस मॅकॉन्की यांनी सांगितले की मेक्सिकन सदस्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण मेक्सिको, ग्वाटेमालातल्यांचे ग्वाटेमाला, ब्राझीलमधल्यांचे ब्राझील. लिव्हरपूलच्या धक्क्यावरून सुटलेली बोट तिथे एकदाची थांबली. त्याआधी, १९५५ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळ युरोपातले पहिले टेंपल उभे राहिले होते. १९८५ मध्ये तर साम्यवादी पूर्व जर्मनीत, फ्रायबर्गला, सरकारच्या संमतीने टेंपल झाले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बेन्सन पंथप्रमुख झाले. पूर्व जर्मनीतल्या सदस्यांनी चाळीस वर्षे प्रामाणिक नागरिक म्हणून राहून ते मिळवले होते.

१९९६ च्या सुरुवातीला अमेरिकेबाहेरचे सदस्य अमेरिकेतल्या सदस्यांपेक्षा जास्त झाले. आज पंथाच्या नोंदवहीत १ कोटी ७० लाखांहून अधिक नावे आहेत. त्यांतली बरीच पुन्हा प्रार्थनेला न आलेल्यांची आहेत. हैदराबादला २०१२ मध्ये भारतातला पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक मंडळ्यांचा विभाग, झाला, २०१८ मध्ये बंगळूरला टेंपल जाहीर झाले. पण १९८५ पासून वापरात असलेल्या इंग्रजी गीतसंग्रहाच्या शेवटच्या पानांवर अमेरिकेची तीन देशभक्तिगीते आहेत, आणि त्यांच्यामागे ब्रिटनचे राष्ट्रगीत. हे पुस्तक इंग्रजीत उपासना करणाऱ्या लागोसच्या आणि हैदराबादच्या सदस्यांच्या हातातही असते. एप्रिल २०२१ मध्ये, ईस्टरच्या दिवशी, प्रेषित डॅलिन ओक्स यांनी जगभरच्या सदस्यांसमोर अमेरिकेच्या घटनेवर भाषण केले. तिच्यातली तत्त्वे ईश्वरप्रेरित आहेत, प्रत्येक शब्द नव्हे, असे त्यांनी सांगितले. १८३३ च्या त्या साक्षात्कारातच या तत्त्वांचे संरक्षण सर्व मनुष्यमात्रासाठी असल्याचे म्हटले आहे. मधल्या काळात हे शब्द ध्वजाच्या घड्यांत बरेचदा हरवले.

ते खरे कुणाच्या उपयोगाचे होते हे घानात दिसले. केप कोस्टच्या जोसेफ विल्यम बिली जॉन्सनने १९६४ साली बुक ऑफ मॉर्मन वाचून, एकही मिशनरी न पाहता, उपदेश सुरू केला आणि मंडळ्या उभ्या केल्या. सॉल्ट लेककडून बाप्तिस्म्याला माणूस येईना, कारण ब्रिगहॅम यंगच्या काळापासून कृष्णवर्णीयांना या पंथात पौरोहित्य नव्हते. चौदा वर्षे जॉन्सनने वाट पाहिली. जून १९७८ मध्ये पंथप्रमुख स्पेन्सर किंबल यांनी ती बंदी उठवली, वर्षअखेरीस मिशनरी आले आणि शेकडो लोकांनी बाप्तिस्मा घेतला. मग १४ जून १९८९ रोजी घाना सरकारने पंथाच्या सगळ्या कामावर बंदी घातली. आरोपांत वर्णद्वेषाची जुनी शिकवण होती, तसाच अमेरिकी गुप्तहेर खात्याशी संबंध असल्याचा संशयही. त्याच वर्षी बोलिव्हियात दोन तरुण मिशनरी अमेरिकन साम्राज्याचे हस्तक म्हणून मारले गेले होते. घानातले अमेरिकन विमानाने परत गेले. प्रार्थनागृहांना कुलपे पडली. मागे राहिले ते घानाचे नागरिक. त्यांनी दीड वर्ष घरातच उपासना केली, पाव मोडला, मुलांना शिकवले, आणि घानाच्याच कायद्याने दिलेल्या हक्कासाठी घानाच्याच सरकारकडे अर्ज करत राहिले. नोव्हेंबर १९९० मध्ये बंदी उठली. जानेवारी २००४ मध्ये अक्रात टेंपल उघडले.